मैफलीचे ध्वनिमुद्रण : यंत्र आणि मायक्रोफोन यांची निवड

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौ येथे मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्तानी म्युझिक ही संस्था सुरू झाली. पेशाने वकील असलेल्या मुंबईच्या या विद्वानाने त्यापूर्वीच देशभर प्रवास केला होता आणि निरनिराळ्या घराण्यांतील उस्तादांची मनधरणी करून शेकडो चिजा स्वरलिपीत बद्ध केल्या होत्या. त्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'तून त्या पुढे विद्यार्थ्यांच्या हाती पडल्या. या कामात लेखणीबरोबर फोनोग्राफचाही उपयोग त्यांनी केला होता, ही गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. गवयाने कर्ण्यासमोर चीज गावी, ती मेणाच्या नळकांड्यावर उमटावी आणि मग ती पुनःपुन्हा ऐकून तिचे स्वरलेखन करावे, अशी ही रीत. अशा नळकांड्यावर दोन ते चार मिनिटांपुरतेच गाणे मावत असे, आणि दर वेळी सुई फिरली की मेण थोडे झिजत असे. ऐकण्याच्या क्रियेतच ऐकायची वस्तू नाहीशी होत जाई.

स्वरलिपीने चीज वाचविली. परंतु गाणे म्हणजे केवळ चीज नव्हे. लखनौ हे ज्यांचे घर होते त्या बेगम अख्तर (१९१४-१९७४) यांच्या गायनात वरच्या स्वराकडे जाताना आवाज क्षणभर चिरल्यासारखा होई, आणि त्या क्षणाचीच श्रोते वाट पाहत असत. हा क्षण कोणत्याही लिपीत लिहिता येत नाही. तानपुऱ्याच्या जवारीतून उमटणारी स्वरांची गर्दी, समेपूर्वीचा थांबा, सारंगीने गळ्याचा केलेला पाठलाग, हेही लिहिता येत नाही. ते राहिले तर ध्वनिमुद्रणातच राहते, आणि ध्वनिमुद्रण बिघडले तर ती रात्र परत आणता येत नाही. म्हणून मैफलीसाठी कोणते यंत्र आणि कोणता मायक्रोफोन घ्यावा हा प्रश्न केवळ खरेदीचा नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बहुतेकजण यंत्रापासून सुरुवात करतात. वस्तुतः क्रम उलटा असावयास हवा : आधी जागा, नंतर मायक्रोफोन आणि सर्वांत शेवटी यंत्र. असे का, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

यंत्र लहान कसे झाले

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा गायिकेला यंत्राकडे यावे लागले होते. एका तबकडीच्या सुमारे तीन मिनिटांत राग आटोपावा लागे आणि आवाज कर्ण्यात थेट सोडावा लागे. यंत्र गायकाकडे जाऊ लागले ते चुंबकीय फीत आल्यानंतर. स्टेफान कुडेल्स्की या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने स्वित्झर्लंडमध्ये १९५१ साली 'नाग्रा' हे उचलून नेता येण्याजोगे यंत्र तयार केले. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'ध्वनिमुद्रित करील' असा आहे. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली आणि ध्वनिमुद्रण सामान्य रसिकाच्या आटोक्यात आले. मात्र कॅसेटच्या फितीची सळसळ तानपुऱ्याच्या मंद नादात मिसळून जाई. १९८७ मध्ये अंकीय फीत आली. त्यानंतरच्या दोन दशकांत फीतच नाहीशी झाली आणि तिच्या जागी नखाएवढे स्मृतिपत्र, म्हणजे मेमरी कार्ड, आले.

या प्रवासाचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. फार मोठ्या काळपर्यंत ध्वनिमुद्रणाची मर्यादा यंत्राने ठरविली. किती वेळ गावे, किती मोठ्याने गावे, कोठे बसावे, हे यंत्र सांगत असे. आज तळहातावर मावणारे साधे यंत्रही कानाला पुरून उरेल इतक्या विस्तृत पल्ल्याचा आवाज साठवू शकते. मर्यादा संपलेली नाही. ती यंत्रातून निघून मायक्रोफोनमध्ये आणि त्याच्या जागेत येऊन बसली आहे.

जागेचा आवाज

गायकाचा आवाज मायक्रोफोनपर्यंत दोन वाटांनी येतो. एक वाट सरळ असते. दुसरी भिंती, छत आणि जमीन यांवर आपटत येते. तिला निनाद म्हणतात. अंतर दुप्पट झाले की सरळ येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. निनाद मात्र दालनभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. म्हणून मायक्रोफोन जसजसा दूर न्यावा तसतसा निनादाचा वाटा वाढत जातो आणि शब्द, तान व बोल एकमेकांत मिसळू लागतात.

समोर बसलेल्या श्रोत्याला हा त्रास फारसा जाणवत नाही, कारण दोन कानांच्या व मेंदूच्या साहाय्याने तो हवे ते निवडून ऐकतो. मायक्रोफोनला निवड करता येत नाही. तो पंखा, खुर्चीची करकर, रस्त्यावरील भोंगा आणि षड्ज यांना एकाच पंक्तीला बसवितो. म्हणून श्रोत्याला जी जागा उत्तम वाटते ती मायक्रोफोनसाठी बहुधा फार दूरची ठरते. नवशिक्या माणसाचे ध्वनिमुद्रण फसते ते पुष्कळदा याच एका कारणाने. महागडे यंत्र घेऊन तो पाचव्या रांगेत बसलेला असतो.

मायक्रोफोनचे प्रकार

मायक्रोफोन निवडताना दोन प्रश्न विचारावेत. तो आवाजाचे विजेत रूपांतर कसे करतो? आणि तो कोणत्या दिशेचे ऐकतो?

पहिल्या प्रश्नाच्या दृष्टीने दोन प्रकार मुख्य आहेत. गतिमान किंवा डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते. तो दणकट असतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही आणि ओठांजवळ धरला असता तो उत्तम काम देतो. परंतु त्याची संवेदनक्षमता कमी असते. एक मीटर अंतरावरून तानपुरा टिपावयाचा म्हटले तर त्याचा क्षीण संकेत पुष्कळच वाढवावा लागतो, आणि संकेताबरोबर यंत्राची खरखरही वाढते. धारित्र किंवा कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागील पट्टी यांच्यातील अंतर बदलल्याने विद्युत्‌ संकेत निर्माण होतो. तो सूक्ष्म आवाजही टिपतो. मात्र त्याला वीज पुरवावी लागते, आणि व्यावसायिक प्रकारात ती यंत्राकडूनच ४८ व्होल्टच्या रूपाने तारेतून जाते. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमचा विद्युत्‌ भार धारण करणाऱ्या पडद्याचा मायक्रोफोन तयार केला. त्यामुळे हा प्रकार स्वस्त आणि लहान झाला. मैफलीचे ध्वनिमुद्रण थोड्या अंतरावरून करावयाचे असल्याने तेथे कंडेन्सर मायक्रोफोनच पसंत करावा.

त्याच्या माहितीपत्रकात एक आकडा अवश्य पाहावा, तो म्हणजे त्याची स्वतःची खरखर. ती १५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर आलापीतील शांतता शांतताच राहते. २० च्या पुढे गेल्यास सुरबहार किंवा तानपुरा यांसारख्या मंद वाद्यांमागे ती ऐकू येऊ लागते. २० ते २०,००० कंपनांच्या पल्ल्याची जाहिरात मात्र जवळजवळ सर्वच मायक्रोफोन करतात. तिच्यावर निर्णय अवलंबून ठेवू नये.

दुसरा प्रश्न दिशेचा. सर्वदिश मायक्रोफोन चहूकडचे ऐकतो. त्याचा मंद्र सप्तक भरीव आणि नैसर्गिक असतो, वाऱ्याचा व हाताळणीचा त्रास त्याला कमी होतो. पण दालनाचा निनादही तो पूर्णपणे घेतो. हृदयाकृती किंवा कार्डिऑइड मायक्रोफोन समोरचे ठळकपणे आणि पाठीमागचे अगदी कमी ऐकतो. सर्वदिश मायक्रोफोन ज्या अंतरावर सरळ आवाज व निनाद यांचे विशिष्ट प्रमाण देतो, तेच प्रमाण हृदयाकृती मायक्रोफोन सुमारे १.७ पट अंतरावरून देऊ शकतो. तो फार जवळ नेल्यास मात्र खर्ज अवाजवी फुगतो. निनाद सुखद आणि खोली शांत असेल तर सर्वदिश, आणि जागा घुमणारी किंवा गोंगाटाची असेल तर हृदयाकृती, असा नियम सामान्यतः उपयोगी पडतो.

दोघांची जोडी

बैठकीत गायक मध्यभागी, तबलजी बहुधा त्याच्या उजव्या हाताला, पेटी किंवा सारंगी डावीकडे आणि तानपुरे मागे असतात. ही मांडणी ऐकणाऱ्याच्या मनात जशीच्या तशी उभी राहावी यासाठी दोन मायक्रोफोनांची जोडी लागते. जोडी लावण्याच्या अनेक पद्धती आहेत. एका पद्धतीत दोन हृदयाकृती मायक्रोफोनांची तोंडे एकावर एक आणून त्यांत ९० अंशांचा कोन ठेवतात. हातात धरावयाच्या अनेक यंत्रांवरील जोडी अशीच असते. तिच्यात मध्यभाग पक्का राहतो, पण विस्तार थोडा आक्रसतो. फ्रेंच नभोवाणीने रूढ केलेल्या पद्धतीत दोन मायक्रोफोनांत १७ सेंटिमीटर अंतर व ११० अंशांचा कोन असतो. माणसाच्या दोन कानांतील अंतर जवळपास इतकेच असते. चारपाच कलावंतांच्या बैठकीला ही पद्धत फार मानवते. सर्वदिश मायक्रोफोन वापरावयाचे असल्यास ते एकमेकांपासून सुमारे ४० ते ५० सेंटिमीटर दूर ठेवून समांतर लावावेत.

प्रत्येक वाद्यापुढे एकेक मायक्रोफोन ठेवण्याचा मोह टाळावा. मायक्रोफोन जितके अधिक तितके उभारणीला, जुळवणीला आणि चुकीला वाव अधिक. भारतीय बैठकीत कलावंत एकमेकांचा आवाज ऐकून आपला आवाज तोलत असतात. हा तोल जोडीने टिपावा. तो नंतर टेबलावर बसून नव्याने तयार करू नये.

यंत्रात काय पाहावे

आता यंत्राकडे वळू. बाहेरचा कंडेन्सर मायक्रोफोन जोडता यावा म्हणून त्याला तीन टोकांची, कुलूपबंद होणारी किमान दोन आगमद्वारे असावीत आणि त्यांतून ४८ व्होल्ट मिळावेत. मायक्रोफोनचा संकेत वाढविणारा त्याचा प्राथमिक विवर्धक शांत असावा. हाच यंत्राचा खरा प्राण होय. स्वस्त आणि उत्तम यंत्रांतील मुख्य फरक पडद्याच्या आकारात नसून येथे असतो. आवाजाची पातळी हाताने ठरविता यावी, आणि पातळीचे स्वयंचलित नियंत्रण बंद करता यावे. हे नियंत्रण चालू राहिल्यास गायक थांबताच यंत्र आपोआप आवाज वाढविते. तानपुरा लाटेसारखा वर चढतो आणि तान सुरू होताच दबून जातो. असे मुद्रण पुढे दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते.

अंकीय मुद्रण २४ बिट व ४८,००० नमुने या प्रमाणात करावे. या प्रमाणात दोन वाहिन्यांच्या एका तासाला सुमारे १ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या स्मृतिपत्रावर तीस तासांच्या आसपास संगीत मावते. जागा वाचविण्यासाठी एमपी३ सारख्या संकुचित स्वरूपात मूळ मुद्रण करू नये. त्यात टाकून दिलेला भाग कायमचा जातो आणि त्यात प्रथम बळी पडतात ते हेच सूक्ष्म नाद. १६ बिटांत सैद्धांतिक पल्ला सुमारे ९६ डेसिबल, तर २४ बिटांत १४४ डेसिबल असतो. या वाढीव पल्ल्याचा लाभ म्हणजे पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. सर्वांत मोठी तान उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी जुळणी केल्यास अवचित आलेला तिय्याही फाटत नाही. अलीकडील काही यंत्रे ३२ बिट तरंगत्या दशांशाच्या पद्धतीने मुद्रण करतात. त्यांत यंत्राकडून आवाज फाटण्याची भीती जवळजवळ उरत नाही. एकट्याने काम करणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. परंतु चुकीच्या जागी ठेवलेला मायक्रोफोन ती सुधारू शकत नाही.

उरलेल्या गोष्टी साध्या आहेत. बाजारात कोठेही मिळणाऱ्या बॅटरीवर यंत्र चालावे, रात्रभराच्या बैठकीला पुरावे आणि अंधारात चाचपून कळतील अशा कळा त्याला असाव्यात. पैसा मर्यादित असेल तर तो मायक्रोफोनवर अधिक आणि यंत्रावर कमी खर्च करावा. यंत्रे काही वर्षांत जुनी होतात. चांगला मायक्रोफोन अनेक दशके टिकतो.

लखनौतील तीन प्रसंग

हे नियम प्रत्यक्षात कसे उतरतात ते तीन प्रसंगांवरून पाहू.

पहिला प्रसंग जुन्या हवेलीतील ठुमरी-दादऱ्याच्या बैठकीचा. खोली मध्यम आकाराची, खाली सतरंजी, भोवती पन्नासएक श्रोते. माणसांच्या कपड्यांमुळे आणि सतरंजीमुळे निनाद शोषला जातो. येथे हृदयाकृती मायक्रोफोनांची जोडी गायिकेपासून एक ते दीड मीटरवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, आखूड घोडीवर लावावी. तबला मोठा वाटल्यास त्याला कापड घालू नये. जोडी थोडी पुढे घेऊन पेटीच्या बाजूला वळवावी. पंखा हा येथील मुख्य शत्रू आहे. उन्हाळ्यात तो बंद करा असे म्हणणे निर्दयपणाचे ठरेल, म्हणून जोडी वाऱ्याच्या झोतातून बाहेर ठेवून तिला फोमची टोपी घालावी.

दुसरा प्रसंग इमामबाड्यातील सोजख्वानीचा. मोहरमच्या मजलिशीत सोज म्हटले जातात, तेव्हा वाद्य नसते. मुख्य गायक रागाच्या अंगाने शोकगीत म्हणतो आणि साथीदार आधाराचा स्वर धरून ठेवतात. नवाब आसफउद्दौला यांनी १७८४ मध्ये बांधावयास घेतलेल्या मोठ्या इमामबाड्याचे मधले दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच असून त्याला मध्ये कोठेही खांब नाही. एका टोकाला कागद फाडल्याचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, अशी त्याची ख्याती आहे. अशा दालनात दूर ठेवलेल्या मायक्रोफोनवर केवळ एक घुमणारा ढग उमटेल. म्हणून हृदयाकृती जोडी गायकवृंदापासून दीड-दोन मीटरच्या आत हवी. दोन वाहिन्या अधिक असतील तर मागे बऱ्याच अंतरावर सर्वदिश जोडी ठेवून वास्तूचा निनाद वेगळा घ्यावा आणि नंतर तो बेताने मिसळावा. सोजमधला आधारस्वर त्या वास्तूत कसा भरून राहतो, हेही टिपण्याजोगे असते. मोहरम चांद्र वर्षाप्रमाणे सर्व ऋतूंतून फिरतो. म्हणून कधी जुलैच्या दमटपणात, तर कधी जानेवारीच्या धुक्यात हे काम करावे लागते. दमट हवेत कंडेन्सर मायक्रोफोन कडकड करू लागतो. त्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. थंडीतून उबदार दालनात आल्यावर दव जमते, यासाठी पेटी अर्धा तास बंदच राहू द्यावी.

तिसरा प्रसंग रंगमंचावरील कथकचा. लखनौ घराण्याच्या नृत्यात घुंगरांचा आवाज क्षणार्धात उसळतो. यंत्रावरील काटा दाखवितो त्याहून खरे शिखर उंच असू शकते, म्हणून पातळी आणखी खाली, उणे १८ डेसिबलच्या सुमारास ठेवावी. रंगमंचावर ध्वनिक्षेपण असते. तेथील मिश्रण-मंचावरून थेट जोडणी मिळाली तर ती अवश्य घ्यावी. पण तीवरच विसंबू नये. मंचावरून येते ते सभागृहासाठी केलेले मिश्रण. जे वाद्य मुळातच मोठे वाजते ते त्यात जवळजवळ नसते. चार वाहिन्यांचे यंत्र घेऊन दोन वाहिन्यांवर मंचाचा संकेत आणि दोहोंवर आपली जोडी घ्यावी. मंचाचा संकेत मायक्रोफोनच्या संकेतापेक्षा पुष्कळ प्रबळ असतो, म्हणून आगमद्वार 'लाइन' या स्थितीत असल्याची खात्री करावी. यंत्र बॅटरीवर चालविल्यास ५० कंपनांची गुणगुण बहुधा टळते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे १० मीटरवरील जोडीचा आवाज मंचाच्या संकेतापेक्षा जवळपास ३० सहस्रांश सेकंद उशिरा येतो. तो फरक काढूनच दोन्ही मिसळावेत, नाहीतर प्रत्येक घुंगरू दोनदा वाजेल.

परवानगी आणि जतन

ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी साथीदार स्वर जुळवीत असतात, त्या वेळी कान झाकणाऱ्या श्रवणयंत्राने दहा मिनिटे नीट ऐकावे. जोडी वीतभर पुढे सरकविल्याने जे साधते ते कोणत्याही महागड्या उपकरणाने साधत नाही. त्याच रात्री मूळ मुद्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी कराव्यात. कलावंत व साथीदार यांची नावे, राग, ताल, स्थळ आणि दिनांक लिहून ठेवावेत. नावगाव नसलेले मुद्रण काही वर्षांनी मुके होते.

शेवटची गोष्ट यंत्राची नाही. यंत्रे आता इतकी लहान झाली आहेत की ती खिशात लपविता येतात. परंतु लपविता येते म्हणून यंत्र निवडणे, यासारखी चुकीची निवड नाही. भातखंडे यांना एकेका चिजेसाठी उस्तादांपुढे जावे लागले, त्यांचा नकार सोसावा लागला आणि त्यांचा विश्वास मिळवावा लागला. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क दिला आहे. पण कायदा नसता तरीही विचारणे आवश्यकच होते. विचारल्याने एक व्यावहारिक लाभही होतो. मायक्रोफोन उघडपणे, योग्य अंतरावर, घोडीवर लावता येतो. खिशातल्या यंत्राला ती जागा कधीच मिळत नाही. कलावंताने आपल्यापासून हातभर अंतरावर मायक्रोफोन ठेवू देणे हा त्याने दाखविलेला विश्वास होय, आणि चांगल्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात तेथूनच होते.